बाकूची वरची पानं

करवतीच्या साखळीला दूध लागलं होतं.

पोकुआने ते आधी पाहिलंच नाही, कारण ती शिंकत होती. बाकूच्या झाडाचा भुसा नाकात गेला की माणूस दिवसभर शिंकतो. नदीकाठच्या त्या उघड्या पडलेल्या जागेत सगळेच शिंकत होते: करवत चालवणारे, साखळदंड ओढणारे, ट्रॅक्टरवर बसून नुसते बघणारेसुद्धा. आडवं झालेलं खोड इतकं जाड होतं की पलीकडचा माणूस दिसत नव्हता, त्याची शिंक तेवढी ऐकू येत होती.

"मॅडम, एक विचारू?" करवतवाला फडक्याने साखळी पुसत म्हणाला. "तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारतो. मेलेल्या झाडाला दूध येतं का हो?"

"खोडात राहतं थोडं," पोकुआ म्हणाली. "शेंडा मेला तरी खोड लगेच वाळत नाही."

"थोडं?" त्याने फडकं तिच्यासमोर धरलं. पांढरा चीक धाग्यासारखा लोंबत होता. "आमच्या बायकोला जुळ्यांच्या वेळी एवढं आलं नव्हतं."

सगळे हसले. शिंकत शिंकत हसले.

पोकुआला हसू आलं नाही. ती खोडाच्या कडेकडेने पुढे चालत गेली, जिकडे झाडाचा माथा पडला होता तिकडे. घानाच्या या दमट, उंच जंगलात बाकूचा माथा जमिनीवरून दिसत नाही. मधे दुसऱ्या झाडांची छपरं असतात, त्यांच्यावरून बाकू डोकं काढून एकटा उन्हात उभा असतो. खालून मान मोडेस्तोवर बघितलं तरी दिसतं ते खोड, आणि मग हिरवा अंधार. पोकुआने कितीतरी बाकूंच्या माथ्यांबद्दल लिहिलं होतं. डोळ्यांनी माथा ती आज पहिल्यांदा बघणार होती, आणि तोही मातीत तोंड खुपसून पडलेला.

फांद्या मोडल्या होत्या. फांद्यांच्या टोकांना पानांचे झुपके होते. हिरवे. पोकुआने एक पान तोडलं. लहान, जाड, चामड्याच्या तुकड्यासारखं ताठ. तोडलेल्या देठातून दुधाचा थेंब फुगून वर आला आणि तिच्या अंगठ्याला चिकटला.

दुसरं तोडलं. तिसरं. झुपकेच्या झुपके, सगळे असेच.

तिच्या अहवालात या झाडापुढे लिहिलेलं होतं: शेंडा मृत. खाली तिची सही.

पोकुआ बिरागो ही वनखात्याची पानं मोजणारी बाई. तिची पद्धत सांगायला सोपी होती, म्हणून तर साहेबांना आवडली. झाडाच्या माथ्यावर, उन्हात वाढलेली पानं लहान आणि जाड असतात. खाली सावलीत वाढलेली रुंद आणि पातळ. दोन्ही गळतात. झाडाखाली चार खांबांवर जाळी ताणायची, पडलेली पानं गोळा करायची, वाळवायची, मापायची, तोलायची. जाड-लहान किती आणि पातळ-रुंद किती, यावरून वरचा माथा कसा आहे ते खाली बसून सांगता येतं. जाड-लहान यायची थांबली की समजायचं, माथा गेला. कुमासी शहराजवळच्या संशोधन केंद्रात तिने ही पद्धत बुटक्या झाडांवर तपासली होती, शिडी लावून, आणि ती बरोबर निघाली होती. तिथे पानं तिने स्वतः वेचली होती.

आणि नियम असा होता की बाकू तोडायचा नाही, माथा मेला असेल तरच तोडायचा. आधी माथा बघायला दोरीवाले वर चढत. मग एक ड्रोन आलं, ते गरुडाने पाडलं, दुसऱ्याचे पैसे मंजूर होईनात. दोरीवाले महाग पडत होते, त्यातला एक पडून कायमचा अंथरुणाला खिळला होता. पोकुआची पद्धत आली आणि दोरीवाल्यांना घरी पाठवलं. तेव्हा पोकुआला वाटलं होतं, आपण माणसं वाचवली.

पान मुठीत धरून ती मोटरसायकलकडे धावली.

"मॅडम, थांबा की," करवतवाला ओरडला, "उद्या ओबोमासेचा मोठा घ्यायचाय! तो तरी नक्की मेलाय ना?"

*

ओबोमासे गाव जंगलाच्या अगदी कडेला. माआमे अफ्रिये अंगणात ताडफळं कुटत होती. गावाजवळच्या सगळ्या जाळ्या तिच्याकडे होत्या, नदीकाठचीसुद्धा. जाळीतली पानं पिशवीत भरायची, पिशवी दोरीने बांधायची आणि गाडी आली की द्यायची, एवढंच काम.

"ये, ये. जेवायला ये," माआमे म्हणाली. हातातलं मुसळ तिने खाली ठेवलं नाही. "अशी घामाघूम का? मागे कुत्रं लागलं काय?"

"माआमे, जाळीत पडलेली पानं तू सगळी पिशवीत भरतेस का?"

"भरते की."

"सगळी?"

"चांगली सगळी."

"चांगली म्हणजे?"

माआमेने मुसळ बाजूला टेकवलं, हात पुसले आणि अभिमानाने तिला स्वयंपाकघराच्या मागे नेलं. तिथे अळवाच्या रांगेला पानांचा ढीग घातला होता. कोंबड्या तो उकरत होत्या. पोकुआ गुडघ्यांवर बसली. लहान, जाड, ताठ पानं. किड्यांनी भोकं पाडलेली, कडा करपलेली, उन्हाने पिवळी पडलेली. मूठ घातली की मूठभर, कोपरापर्यंत हात घातला की कोपरभर.

"हा कचरा," माआमे म्हणाली. "अळवाला फार मानवतो. पिशवीत मी फक्त मोठी, गुळगुळीत, निवडक पानं घालते. एकेक पुसून. शेजारीण म्हणते, अगं, सरकारी काम आहे, भर कसंही. मी म्हटलं, माझ्या हातून असलं काम जायचं नाही."

"हे कुणी सांगितलं होतं तुला निवडायला?" पोकुआचा आवाज फाटला. "कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? पाहुण्याला यामचा किडका कंद वाढतात का?"

"माआमे, हा कचरा नव्हता! हेच हवं होतं! या पानांवरून समजतं की झाड वरून जिवंत आहे. तू ही काढलीस, आणि मी लिहिलं झाड मेलंय, आणि आज नदीकाठचं पाडलं त्यांनी!"

कोंबड्या उकरत राहिल्या. माआमे बोलली तेव्हा तिच्या आवाजात माफी नव्हती.

"मी विचारलं होतं तुला. पहिल्याच दिवशी. म्हटलं, ही पानं नेऊन करता काय? तू म्हणालीस, झाडाची तब्येत बघतो. बरोबर?"

"बरोबर."

"तब्येत बघणाऱ्या नर्ससमोर पोर न्यायचं तर आई काय करते? आंघोळ घालते. शेंबूड पुसते. धुतलेला सदरा घालते. की तसंच नेते, मळकं?" माआमेने कंबरेवर हात ठेवले. "आणि ते गोरे प्रोफेसर आले तेव्हा माझ्या पिशवीतलं पान हातात धरून फोटो कुणी काढला? 'माआमेसारखी पानं कुणीच आणत नाही' असं कुणी म्हटलं? मी म्हटलं?"

पोकुआने म्हटलं होतं. पाठ थोपटून म्हटलं होतं. पिशव्या उघडताना तिला एकदाही प्रश्न पडला नव्हता की जंगलात इतकी देखणी पानं पडतात तरी कशी. किडे काय उपास धरतात? शिकलेल्या माणसाला जे सोयीचं असतं ते देखणं दिसतं, आणि देखणं दिसलं की तो तपासत नाही.

"मोठ्या बाकूचं काय लिहिलंस?" माआमेने विचारलं.

मोठा बाकू गावापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या बिया गोळा करून गावातल्या बायका तेल काढतात. माआमेची आई त्याच तेलात मासे तळायची.

"तेच," पोकुआ म्हणाली. "उद्या पाडणार आहेत."

"उद्या गुरुवार आहे. गुरुवार भूमीचा. उद्या कुणी जंगलात पाऊल टाकत नाही, मातीला कुदळ लावत नाही."

"गावातलं कुणी टाकत नाही. म्हणून तर त्यांनी उद्याच ठरवलंय. अडवायला कुणी नसतं."

*

जिल्ह्याचे वनअधिकारी ट्वुमासी साहेब कार्यालयात उभ्यानेच फोनवर कुणाला तरी खुर्च्यांचा भाव विचारत होते. शनिवारी त्यांच्या सासऱ्याचं मयत होतं. सासरा वारून दोन महिने झाले होते, प्रेत तेव्हापासून शवागारात होतं, पण मयत म्हणजे काय चेष्टा नाही: मांडव, बँड, काळं-लाल कापड, आलेल्या प्रत्येकाला जेवण. साहेबांच्या टेबलावर फायलींच्या वर कापडाचे नमुने पसरले होते.

पोकुआने सगळं सांगितलं. ढिगाचं, कोंबड्यांचं, दुधाचं. मुठीतलं पान टेबलावर ठेवलं.

साहेबांनी पान उचललं नाही. "हे कुठलं?"

"नदीकाठच्या झाडाचं. पाडलेल्या."

"ते गेलं. त्याचं आता काय करायचं?"

"साहेब, ओबोमासेचा तरी थांबवा. माझा अहवाल चुकलाय."

"पोकुआ, तू काय म्हणतेस ते ऐकतेस का तू?" साहेब हळू आवाजात बोलायला लागले, म्हणजे रागावले. "वर चढायची गरज नाही म्हणून तुझी पद्धत घेतली. राजधानीत, अक्रात, भाषण मी दिलं. परवाना दिलाय, ठेकेदाराने पैसे भरलेत. आता तू म्हणतेस एका म्हातारीने पानं पुसली. उद्या ठेकेदार विचारेल, पुरावा काय? तू म्हणणार, पान. तो म्हणणार, कुठल्या झाडाचं? पान काय तोंडाने सांगतं?"

"मी दोरीवाल्याला वर पाठवते. फांदी आणवते."

"ओबेंगला? ज्याला तुझ्यामुळे काढला? तो रागाने शेजारच्या झाडाची आणेल. नाही चालणार." त्यांनी कापडाचा एक नमुना उजेडात धरला. "खात्याच्या माणसाने डोळ्याने माथा बघितला आणि लिहून दिलं, तर मी परवाना थांबवू शकतो. खात्याचा माणूस म्हणजे तू. चढता येतं तुला?"

तिला येत नव्हतं. साहेबांना ते माहीत होतं.

*

ओबेंग चौकात मोटरसायकलवर आडवा पडून भाड्याची वाट बघत होता. एके काळी तो जिल्ह्यातला सगळ्यात उंच माणूस होता, असं तो स्वतःच सांगायचा: "तुम्ही सगळे जमिनीवरचे." आता तो बाजाराच्या बायकांना आणि त्यांच्या टोपल्यांना इकडून तिकडे नेत होता.

"बघा बघा कोण आलं," तो उठलाच नाही. "डॉक्टरीणबाई. कुठे सोडू? वर तर आता कुणाला जावंच लागत नाही."

पोकुआने त्यालाही सगळं सांगितलं. दिवसभरात तिसऱ्यांदा. या वेळी तिने काही लपवलं नाही, पाठ थोपटल्याचंही नाही.

ओबेंग ऐकता ऐकता उठून बसला आणि मग इतका हसला की चौकातली मक्याचे केंके विकणारी बाई वळून बघायला लागली.

"अळवाला घातली!" तो म्हणाला. "माझी नोकरी त्या म्हातारीच्या अळवाला घातली तुम्ही! कशी वाढलीत गं ती अळवाची पानं?"

"हस. पण उद्या पहाटे दोरी लाव."

"उद्या गुरुवार. जंगलात पाय टाकला तर गावची राणीआई बकरं आणि श्नॅप्स दारूची बाटली दंड घेईल. बकरं कोण देणार?"

"मी."

"बाटली?"

"तीपण मी."

"आणि भीती वाटली तर रडणार कोण?"

"तेही मीच," पोकुआ म्हणाली. "मला वर यायचंय, ओबेंग. मी बघितल्याशिवाय ते मानत नाहीत."

ओबेंगचं हसू विरलं. त्याने किक मारली. "बस मागे. चढायचे पट्टे माझ्या बायकोने कपडे वाळत घालायला घेतलेत, ते आधी सोडवायला लागतील."

*

गुरुवारी उजाडताच ते जंगलात शिरले. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. ओबेंग तोंडाने भूमीची माफी मागत होता आणि हाताने भलीमोठी गलोल जुळवत होता. तिसऱ्या नेमात वजनाची पिशवी वरच्या फांदीवरून पलीकडे गेली, बारीक दोरा गेला, त्याच्या मागून दोरी, आणि तशीच शेजारी दुसरी. दोरीला तो स्वतः दोनदा लोंबकळला. तिसऱ्यांदा पोकुआला लोंबकळायला लावलं.

"खाली बघू नकोस. वर पण बघू नकोस. दोरी बघ. दोरीवरचा चिमटा वर सरकव, पायावर उभी राहा, पुन्हा सरकव. हात दुखले तर शिव्या दे, उतरते म्हणालीस तर मी दोरी कापीन."

ती चढायला लागली. पहिल्यांदा झुडपं खाली गेली, मग ताड खाली गेले. घामावर बसणाऱ्या बारीक माश्या डोळ्यांत शिरल्या. हात सोडून त्या हाकलायची सोय नव्हती. बाकूचं खोड तिच्या नाकासमोरून खाली खाली सरकत होतं, आणि संपतच नव्हतं. बाजूच्या दोरीवर ओबेंग तिच्या बरोबरीने येत होता, जिना चढावा तसा.

अर्ध्यावर खालून आवाज आले. ट्रॅक्टर, माणसं. मुकादम अमांक्वाचा आवाज त्यात सगळ्यात मोठा.

"ए! कोण आहे रे वर? ओबेंग, तू काय? उतर खाली, माकडा!"

"माकडीणपण आहे!" ओबेंग ओरडला. "सरकारी!"

खाली करवत सुरू झाली. झाडाला लावली नव्हती, नुसती गुरगुरत ठेवली होती, पण पोकुआला ती खोडातून पोटरीत, पोटरीतून दातांत जाणवली. तिचे हात जागच्या जागी गोठले. चिमटा वर सरकेना.

"ते कापणार नाहीत," ओबेंग म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"नाही माहीत. चल."

तिने चिमटा सरकवला.

मग एकदम उजेड झाला. छप्पर खाली राहिलं आणि ऊन अंगावर आलं, पाणी ओतावं तसं. जंगल खाली पसरलं होतं, हिरवं, गुठळ्या-गुठळ्यांचं, पार नदीपर्यंत. नदीकाठी त्याला एक भोक पडलं होतं. ते कसलं भोक आहे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

ओबेंगने तिला जाड फांदीवर ओढून घेतलं, पट्टा बांधला. पोकुआने माथा बघितला.

अर्धा माथा मेलेला होता.

पश्चिमेकडच्या फांद्या उघड्या, करड्या, साल सुटलेल्या. वीज पडली असावी कधीतरी. एका ढोलीत धनेशाने घर केलं होतं. आणि पूर्वेकडे झुपकेच्या झुपके, लहान, जाड, चकाकणारी पानं, कोवळ्या तांबूस शेंड्यांसकट.

"आता?" ओबेंग म्हणाला. "डॉक्टरीणबाई, काय लिहिणार? अर्धा मृत?"

पोकुआला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. पूर्ण हिरवा असता तर किती सोपं होतं! ठेकेदाराचा वकील ही करडी बाजू दाखवेल. आणि ती खोटी नाही.

"जे आहे ते लिहिणार," ती म्हणाली. "नियमात 'माथा मेला' असं आहे. अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला पुरतात का आपल्याकडे?"

"आपल्याकडे मयताचा खर्च बघता, नाही पुरत," ओबेंग म्हणाला.

वर फोन लागत होता. गावात कधी नीट लागायचा नाही, इथे पूर्ण रेघा. तिने साहेबांना लावला. पाठीमागे कुणीतरी बँडची घासाघीस करत होतं.

"साहेब, मी वर आहे."

"कशाच्या वर?"

"बाकूच्या. जिवंत आहे. अर्ध्या फांद्या मेल्यात, अर्ध्या हिरव्या आहेत, कोवळी पालवी आहे. परवाना रद्द करा."

"खाली ये, सोमवारी लेखी दे, मी बघतो."

"सोमवारी झाड नसेल."

"पोकुआ, मला शनिवारी..."

"साहेब, तुमच्या सासऱ्यांना थांबायची सवय झालीय. मुकादम खाली करवत लावून उभाय. तुम्ही येईपर्यंत आम्ही वर बसतो."

ओबेंगने मांडीवर थाप मारली.

खालून अमांक्वाने पण साहेबांना निरोप धाडला होता, वेगळ्या शब्दांत: "दोन माणसं वर असताना मी झाड कापणार नाही. मला पाच मुलं आहेत. खुनी व्हायचं असेल तर साहेबांनी येऊन स्वतः करवत धरावी." करवत बंद झाली. माणसं मुळांवर बसून खायला लागली.

*

साहेब आले ते ऊन चांगलंच तापल्यावर. त्यांची गाडी झाडापर्यंत येत नव्हती, म्हणून चांगले बूट चिखलात बुडवत चालत आले, आणि मागे, जरा अंतर ठेवून, माआमे अफ्रिये. डोक्यावर टोपली. जंगलाच्या कडेला गावातल्या बायका उभ्या होत्या, एक पाऊलही आत टाकत नव्हत्या. माआमेने टाकलं होतं.

पोकुआ उतरायला निघाली. ओबेंग जागचा हलला नाही.

"तू ये ना."

"तू जा. लिहून घे. कागद झाल्याचं मला ओरडून सांग. तोवर मी बसतो. वरती माणूस आहे तोवर खाली माणुसकी आहे."

उतरणं चढण्यापेक्षा भयंकर होतं. जमिनीला पाय लागले तशी ती सगळ्यांसमोर मातीत बसली. कुणी हसलं नाही.

ट्वुमासी साहेबांनी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कागद ठेवला. "लिही. फेरतपासणी. ओबोमासेचा बाकू जिवंत आढळला. परवाना स्थगित. सही कर, मी सही करतो, विषय संपला."

पोकुआने लिहिलं. मग पेन ठेवलं नाही.

"नदीकाठच्याचं पण लिहायचंय."

"त्याचं काय लिहायचंय?"

"जिवंत असताना पाडलं. माझ्या अहवालावर. आणि मी ज्या ज्या झाडापुढे मृत लिहिलं, ती सगळी पुन्हा बघायची. वर चढून."

साहेब तिला बाजूला घेऊन गेले. आवाज अगदी हळू. "हे लिहिलंस तर चौकशी बसेल. पहिली तू जाशील. मग मी. ठेकेदार कोर्टात जाईल आणि कोर्ट म्हणेल, तोवर जुना परवाना चालू. मग हे झाडही जाईल. कळतंय? एकाबद्दल गप्प राहा, एक वाचतंय. शहाणी आहेस."

असंच चालतं. एक वाचवायला दुसऱ्याबद्दल गप्प बसायचं, आणि गप्प बसणाऱ्याला शहाणा म्हणायचं. अशा शहाण्यांच्या सह्यांवर अर्धी जंगलं ट्रकमधून गेली आहेत. पोकुआला साहेबांचं बोलणं खोटं वाटलं नाही. खरं असू शकत होतं. मोठा बाकू वाचवायला ती वर गेली होती. आता हातातलं पेन त्यालाच मारू शकत होतं.

तिने वर बघितलं. खोड, आणि मग हिरवा अंधार. ओबेंग दिसत नव्हता.

"ओबेंग!" ती ओरडली. "साहेब म्हणतात नदीकाठच्याबद्दल लिहू नकोस! लिहिलं तर हेपण जाईल म्हणतात!"

साहेबांचा चेहरा काळवंडला. हळू आवाजात सांगितलेली गोष्ट सगळ्या जंगलाला ऐकू गेली होती. करवतवाल्यांचे घास थांबले.

मग वरून आवाज आला, लांबून, मजेत:

"साहेबांना सांग, मला इथे फोन लागतो! रेडिओवाल्यांचा नंबर आहे माझ्याकडे! गुरुवारी दुपारी त्यांना बातमीच नसते! दोन्ही लिही!"

अमांक्वा शिंकला. करवतवाला म्हणाला, "साहेब, त्या नदीकाठच्याला दूध होतं. मी साक्ष देईन. फडकं अजून आहे माझ्याकडे." कुणी विचारलं नव्हतं त्याला.

पोकुआने दोन्ही लिहिलं. वाकडंतिकडं अक्षर, दोरीने सोलवटलेल्या हातांनी. 'शेंडा मृत' हे माझं विधान चुकीचं होतं. पानं वेचणाऱ्या बाईला मी काम समजावून सांगितलं नाही. चूक तिची नाही. सही केली. साहेबांनी तो कागद वाचला, पुन्हा वाचला, करवतवाल्यांकडे पाहिलं, कडेला उभ्या बायकांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग परवान्यावर आडवी रेघ मारून, तारीख घालून सही केली, इतकी दाबून की कागद फाटला.

"सोमवारी तू कार्यालयात येऊ नकोस," ते म्हणाले. "पत्र घरी येईल."

"बरं."

"आणि शनिवारी मयतालापण येऊ नकोस."

"बरं, साहेब."

ते गेले. ट्रॅक्टर मागे वळला. पोकुआने वर तोंड करून ओरडून सांगितलं, "झालं! उतर!" आणि वरून उत्तर आलं, "थांब जरा, हवा छान आहे."

माआमे अफ्रिये इतका वेळ बाजूलाच उभी होती. आता ती जाळीपाशी गेली. रात्रीत आणि सकाळच्या धावपळीत पडलेलं सगळं तिने टोपलीत भरलं. रुंद पानं, लहान पानं, किडकी, करपलेली, काटक्या, अळ्यांची लेंडी, धनेशाचं एक पीस. टोपली तिने पोकुआसमोर आणून ठेवली. तोंड अजून फुगलेलं होतं.

"घे. काही काढलं नाही यातलं. पुसलंपण नाही."

"माआमे, मला आता ही कुठे द्यायची नाहीत. माझी नोकरी गेली."

"मला काय करायचंय ते ऐकून? बघ, म्हटलं ना. दंडाचं बकरं भरणार आहे मी यापायी."

पोकुआ मातीत मांडी घालून बसली आणि टोपली पालथी केली. जाड-लहान एका बाजूला, रुंद-पातळ दुसऱ्या बाजूला. जाडांचा ढीग लहान होता, पण होता. तो हळूहळू वाढत होता. लांब रस्त्यावरून एक ट्रक गेला, जड, गिअर बदलत, नदीकडून शहराकडे. त्यात काय आहे ते दोघींनाही माहीत होतं. माआमे खाली बसली, तिने एक भोकं पडलेलं पान उचललं, उजेडात धरलं.

"हे कुठल्या ढिगात?" तिने विचारलं.